बाहेर किती जण आले?

आगीच्या ठिकाणी अग्निशमन दलाची गाडी पोचते, अधिकारी खाली उतरतो आणि समोर जो कुणी जबाबदार दिसेल त्याला विचारतो, "आत कोणी आहे का?" आग कशामुळे लागली, नुकसान किती झालं, हे सगळं नंतर. या प्रश्नावर "सगळे बाहेर आलेत, मोजून घेतलेत" असं छातीठोकपणे सांगता आलं, तर जवानांचा अर्धा जीव भांड्यात पडतो. "दोघं आत आहेत, दुसऱ्या मजल्यावर, ड्रायरजवळ" असं सांगता आलं तरी त्यांना कुठे जायचं ते कळतं. पण बऱ्याचदा उत्तर येतं, "नसावेत बहुतेक, नक्की सांगता येत नाही." मग जो माणूस कदाचित समोरच्या टपरीवर चहा पीत उभा असेल, त्याला शोधायला कुणाचा तरी मुलगा धुरात शिरतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, जो खरोखर आत अडकलाय त्याला शोधायला कुणी जातच नाही.

मी तळोजा एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टीचं काम बघते आणि डोंबिवली पूर्वेला राहते. दिवस कारखान्याच्या भिंतीच्या आत जातो, रात्र दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यांच्या भिंतीबाहेर. त्यामुळे सुरक्षेचा विचार करताना मला कामाची जागा आणि घर अशी फाळणी करताच येत नाही. इतकी वर्षं या कामात काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. हायड्रंट, फोम, अलार्म, सेन्सर हे सगळं हवंच, त्यात काटकसर करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण एखादी जागा सुरक्षित आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: आत्ता, या क्षणी, आत कोण कोण आहे हे तिथल्या कुणाला तरी नावानिशी माहीत आहे का?

मॉक ड्रिल बहुतेक कारखान्यांत सकाळी अकराच्या सुमाराला होतं. साहेब मंडळी हजर असतात, फोटोला उजेड चांगला असतो आणि आज सायरन होणार याची कुणकुण सगळ्यांना आदल्या दिवशीच लागलेली असते. स्वच्छ हेल्मेट घातलेली माणसं ओळीने मैदानात येतात, हजेरी होते, 'ऑल क्लिअर'चा भोंगा होतो, अहवालावर सह्या होतात. धोकादायक रसायनांसाठीच्या १९८९ च्या नियमांत कारखान्याच्या आपत्कालीन आराखड्याची तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायला सांगितली आहे. अकराच्या त्या तालमीने कागदापुरता नियम पाळला जातो. अपघात मात्र अकरा वाजायची वाट बघत नाही.

म्हणून मी रात्रपाळीच्या ड्रिलचा आग्रह धरला. पहाटे पावणेतीनला, कुणालाही न सांगता. त्या रात्री जे दिसलं ते मी अजूनही प्रत्येक नव्या सुपरवायझरला सांगते.

जमायची जागा मेन गेटजवळ, पार्किंगच्या बाजूला. वर्षानुवर्षं तिथेच हिरवी पाटी. त्या रात्री वारा खाडीकडून येत होता आणि शेडवरचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, थेट त्या पाटीकडे शेपूट करून फुगला होता. आम्ही गृहीत धरली होती अमोनियाची गळती. म्हणजे ती खरी असती तर आम्ही माणसांना बरोबर वायूच्या वाटेत नेऊन उभं केलं असतं. ती पाटी जागच्या जागी राहिली, पण आता मागच्या बाजूला दुसरी जागा आहे आणि सायरन झाल्यावर कुठे जायचं हे वारा बघून ठरतं. हे शिकायला मान वर करायची सवय लागते. दिवसातून चार वेळा विंडसॉककडे बघायचं, काहीही झालेलं नसताना बघायचं.

मग हजेरी. शिफ्टच्या मस्टरवर ३९ नावं. मैदानात ४१ माणसं. जास्तीची दोन कोण? एक कँटीनचा पोऱ्या, जो रात्री भांडी आवरून तिथेच झोपतो आणि कुठल्याच यादीत नाही. दुसरा ठेकेदाराचा फिटर. त्याचा पास संध्याकाळी सहाला संपला होता, काम संपलं नव्हतं. मस्टर आणि मैदान यांचा मेळ लागेपर्यंत बारा-तेरा मिनिटं गेली आणि तेवढ्यात सिक्युरिटीचा गार्ड एकाला घेऊन आला. टँकरचा क्लीनर. अनलोडिंग यार्डात टँकरच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये पोतं अंथरून गाढ झोपला होता. सायरन त्याने ऐकला होता, पण कंपनीचा भोंगा आपल्यासाठी नसतो अशी त्याची समजूत. गेटच्या रजिस्टरमध्ये मी त्याची नोंद शोधली. टँकरचा नंबर होता, ड्रायव्हरचं नाव होतं, लायसन्स नंबर होता. आणि त्यापुढे लिहिलं होतं: '+ १'.

निळ्या बॉलपेनने लिहिलेलं ते '+ १' मी कितीतरी वेळ बघत बसले. कुणाचा तरी एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा.

आता आमच्या गेटवर प्रत्येकाचं नाव लिहिलं जातं, त्याचा फोन नंबर आणि त्याच्या घरच्या कुणाचा तरी फोन नंबर. सिक्युरिटी सुपरवायझर सुरुवातीला कुरकुरला, "मॅडम, टँकरची रांग रस्त्यावर जाते." जाऊ दे. रांग लावायला जागा नसेल तर तीही सोय कंपनीनेच केली पाहिजे. शिवाय धोक्याच्या प्रत्येक विभागाच्या दाराशी एक साधा पत्र्याचा बोर्ड लावला. आत जाताना आपला बिल्ला हुकाला अडकवायचा, बाहेर येताना काढून न्यायचा. पंचिंग मशीन असताना हे जुनंपुराणं कशाला, असं आयटीवाल्या मुलांनी विचारलं होतं. पंचिंगची सगळी माहिती ऑफिसच्या इमारतीतल्या सर्व्हरवर असते. आग लागली की आधी वीज बंद होते आणि ऑफिसही रिकामं होतं. अशा वेळी पत्र्याचा बोर्ड हातात उचलून मैदानात नेता येतो.

मोजणीवर एवढा भर का, हे वाकडीच्या दुर्घटनेतून फार स्पष्ट दिसतं. एप्रिल २०२४, नगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. एका जुन्या विहिरीत शेण साठवलं जायचं, गोबरगॅससाठी. तिच्यात मांजर पडलं. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. एकामागोमाग पाच जण गेले. एक वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. बंद विहिरी, टाक्या, ड्रेनेजचे चेंबर, सगळीकडे हीच साखळी असते. शेण किंवा मैला कुजतो तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि माणसाला वाटतं, वास गेला, आता ठीक आहे. त्यानंतर शुद्ध जायला वेळ लागत नाही. वरून बघणाऱ्याला फक्त आपला भाऊ खाली पडलेला दिसतो आणि तो धावतो.

कारखान्यात टाकीत माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा तपासायची, परमिट काढायचं, पट्टा आणि दोर लावायचा आणि तोंडाशी एक माणूस उभा करायचा. या बाहेरच्या माणसाचं काम एकच: आत कोण आहे ते लक्षात ठेवणं आणि काहीही झालं तरी स्वतः आत न जाणं. ऐकायला हे निर्दयी वाटतं. मी हे शिकवते तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, "मॅडम, सख्खा मित्र आत पडलेला असताना बाहेर कसं थांबायचं?" मी त्याला सांगते, तू बाहेर थांबलास तर दोर ओढायला, हाक मारायला आणि १०१ ला फोन करायला कुणीतरी आहे. तू आत गेलास की वर दोर धरायलाही कुणी उरत नाही. गावातल्या विहिरींवर ना परमिट असतं ना गॅस डिटेक्टर, पण दोर प्रत्येक घरात असतो. तो आधी बांधायचा, मगच पाऊल टाकायचं. आणि वास येत असेल तर उतरायचंच नाही, मांजरासाठी नाही, मोटारीसाठी नाही.

आता भिंतीबाहेरचं. २६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, त्यात १२ जण गेले. २३ मे २०२४ ला भरदुपारी पुन्हा तिथेच दुसऱ्या कारखान्यात. लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या, धुराचा लोट पार रेल्वेच्या पश्चिमेकडूनही दिसत होता. त्यात दहाहून जास्त माणसं गेली आणि काहींची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. त्यानंतरचे काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण बायका, भाऊ, म्हातारे वडील मोबाइलवरचा फोटो दाखवत एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये फिरत होते. "यांना आणलंय का इथे?" आत किती माणसं होती, कोण होती, ही साधी बेरीज बाहेर उभ्या असलेल्या घरच्यांना मिळत नसते तेव्हा त्यांच्यावर काय गुदरतं, हे त्या दिवसांत डोंबिवलीने बघितलं.

आणि घरचेही किती अंधारात असतात! "कामाला कुठे आहेत?" विचारलं तर उत्तर येतं, "एमआयडीसीत." कंपनीचं नाव? माहीत नाही, ठेकेदाराकडे आहेत. ठेकेदाराचं नाव? "ते कोण ते शर्माजी." माझ्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचे यजमान फेज टूमध्ये कुठेतरी हेल्पर होते. नेमकं कुठे ते तिला सांगता येईना. त्या रविवारी दोघांना बसवून मी वहीच्या पानावर सगळं लिहून घेतलं: ज्या कंपनीत प्रत्यक्ष काम चालतं तिचं नाव आणि गेट कुठल्या रस्त्यावर आहे, ठेकेदाराचं नाव आणि नंबर, खातं कोणतं, पाळी कोणती, सोबत काम करणाऱ्या एकाचा नंबर, ईएसआयचा नंबर, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी. एक अलीकडचा स्पष्ट फोटो पानाला चिकटवला. यजमान संकोचाने हसत होते. ताई म्हणाली, "पंधरा वर्षं झाली लग्नाला, हे कुठे जातात ते मला आज कळलं."

हे पान प्रत्येक कामगाराच्या घरात असावं असं मला कळकळीने वाटतं. फक्त रसायनांच्या कारखान्यांतल्या नाही. बांधकामावर जाणाऱ्या, हॉटेलच्या किचनमध्ये राबणाऱ्या, मॉलमध्ये रात्री सफाई करणाऱ्या माणसांच्या घरातही. आणि कंपनीकडे याचंच दुसरं पान असावं, ज्यावर घरच्यांचा नंबर असेल.

भोपाळचं उदाहरण देताना लोक आकडे सांगतात, मला मात्र भिंत आठवते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली ती रात्र. मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडल्यावर कारखान्यातले कामगार वाऱ्याची दिशा बघून उलट्या बाजूला पळाले. त्यांना शिकवलेलं होतं. भिंतीपलीकडच्या वस्तीला आत काय बनतं हेच माहीत नव्हतं आणि वस्तीकडे ऐकू जाणारा भोंगा सुरू होऊन थोड्याच वेळात बंद केला गेला. लोक वायूच्या दिशेनेच पळत राहिले. तोंडाला ओलं फडकं लावा एवढं वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तरी फरक पडला असता. त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये नवं प्रकरण आलं आणि कामगारांनाच नव्हे, आसपासच्या लोकांनाही धोक्याची माहिती द्यायची जबाबदारी कारखानदारावर आली. माझ्या इमारतीतल्या कुणालाही आज विचारलं, की आपल्यापासून सगळ्यात जवळच्या कारखान्यात काय साठवलेलं आहे, तर उत्तर मिळणार नाही. वास आला की खिडक्या लावायच्या, इतकीच आमची तयारी. कायद्याने दिलेली ही माहिती आपण नागरिक म्हणून मागत नाही, आणि न मागता ती कुणी आणून देत नाही.

घराच्या मोजणीचं वेगळंच असतं, कारण घरातली माणसं दिवसभर चार दिशांना असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्याच वेळी कुलाब्यात ७५ मिमीही झाला नव्हता. फोर्टात बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर बघून काहीच कळणार नव्हतं. ऑफिसं सुटली, माणसं नेहमीसारखी घरी निघाली आणि थेट पाण्यात गेली. फोन लागत नव्हते. घरचे त्यांना शोधायला बाहेर पडले, ते घरी पोचले तेव्हा घरचे बाहेर. त्या रात्री ज्यांनी आपल्या लोकांना "मी ऑफिसातच थांबतोय, येत नाही" एवढं कळवलं असेल त्यांच्या घरी निदान झोप लागली असेल.

आमच्या घरात यावर सासूबाईंनीच तोडगा काढला. त्या मूळच्या चिपळूणच्या, वाशिष्ठीचं पाणी लहानपणापासून बघितलेल्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचे भाऊ-भावजय रात्रभर माळ्यावर होते, बाजारपेठेतल्या दुकानाचा माल गेला, माणसं वाचली. मी म्हटलं, "आई, इथे काही झालं आणि आपले फोन एकमेकांना लागले नाहीत तर?" त्या म्हणाल्या, "इथल्या इथे लागत नाहीत गं, बाहेरगावी लागतात. आम्ही तेव्हा सगळे नाशिकला वन्संना कळवत होतो, त्या सगळ्यांना सांगत होत्या." अगदी खरं आहे. एका भागात सगळेच एकदम फोन करतात तेव्हा तिथलं नेटवर्क तुंबतं, बाहेरचा नंबर किंवा निदान एसएमएस जाण्याची शक्यता जास्त असते. आता नाशिकच्या आत्या आमचं हजेरीचं मस्टर आहेत. त्यांचा नंबर माझ्या मुलीला तोंडपाठ आहे. मोबाइलमध्ये साठवलेला नंबर मोबाइल बंद पडला की उपयोगाचा नाही, म्हणून पाठ.

मुलीबद्दलचं सगळ्यात अवघड होतं. काही झालं की माझे पाय आधी तिच्या शाळेकडे वळणार. माझेच का, सगळ्याच आईबापांचे. मग शाळेच्या गल्लीत स्कूटर आणि रिक्षांची इतकी गर्दी होणार की ॲम्ब्युलन्सला वाट मिळू नये. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर कामाइशी नावाचं शहर आहे. तिथल्या लोकांची पिढ्यान् पिढ्यांची शिकवण अशी, की त्सुनामी आली तर कुणी कुणासाठी थांबायचं नाही, ज्याने त्याने उंचावर पळायचं, आणि आपलं माणूसही तसंच पळालंय यावर विश्वास ठेवायचा. शाळांमधून ते मुलांकडून घटवून घेतलेलं. ११ मार्च २०११ ला भूकंप झाल्यावर माध्यमिक शाळेची मुलं डोंगराकडे पळाली, ती बघून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर ती जागाही पुरेशी उंच वाटेना, तेव्हा आणखी वर गेली. त्या शहरातल्या शाळांची जवळजवळ ३००० मुलं वाचली. आईबाप त्यांना न्यायला खाली उतरणार नाहीत आणि मुलं आईबापांची वाट बघत थांबणार नाहीत, हा करार आधीच झालेला होता.

मी मुलीला सांगितलंय, शाळेत असताना काही झालं तर शाळा सांगेल तिथेच थांबायचं. मी येईन, पण धावत येणार नाही, उशिरा येईन. ती म्हणाली, "किती उशिरा?" मी म्हटलं, "रात्र झाली तरी मी येणार आहे हे धरून चाल." तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण ती घाबरली नाही.

सोसायटीतलं काम अजून चाललंय. गच्चीच्या दाराचं कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवली. जिन्यातल्या सायकली आणि जुनी कपाटं हलवायला लावली, त्यावरून दोन घरांशी अबोला झाला तो झाला. गॅसचा वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा, हे प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं. मजल्यावार यादी झाली. कुणाला जिना उतरता येत नाही, कुणाला ऐकू कमी येतं, दुपारी घरात एकटं कोण असतं. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तीन मुलांचे गावाकडचे नंबर कुणाकडेच नव्हते. ते आता आहेत, परभणीचा, साताऱ्याचा आणि एक रायपूरचा.

चौथ्या मजल्यावरच्या काकांचे गुडघे गेलेत. लिफ्ट बंद असताना त्यांना खुर्चीसकट खाली आणायचं काम त्याच तिघा मुलांनी स्वतःहून घेतलंय. येत्या रविवारी त्याची तालीम आहे. काकांचा मुलगा म्हणत होता, उगाच बाबांना त्रास कशाला, रिकामी खुर्ची उतरवून बघा. काका आतल्या खोलीतून ओरडले, "रिकामी नको. मला बसवूनच न्या, वजन कळायला हवं त्यांना."